ग्रंथसूचीपासून ग्रंथापर्यंत : महाविद्यालयीन विद्यार्थी आणि ग्रंथालयीन संशोधनाचे प्राथमिक शिक्षण

प्रास्ताविक

ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. सुरतेतील विजयालक्ष्मी या विधवेवर चाललेला बालहत्येचा खटला आणि त्यानिमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर झालेली आगपाखड ही या निबंधामागची पार्श्वभूमी होय. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्याची दखल घेतली आणि ताराबाईंची बाजू उचलून धरली. त्यानंतर मात्र हा निबंध मराठी वाचकाच्या दृष्टीआड गेला. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशित केला, तेव्हा कुठे एकोणिसाव्या शतकाच्या अभ्यासात त्याला स्थान मिळाले. आज पदवीच्या अभ्यासक्रमांत त्याचा आवर्जून समावेश होतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे पुस्तक नष्ट झालेले नव्हते. त्याचा उल्लेखही एका सुप्रसिद्ध लेखकाच्या छापील मजकुरात होता. म्हणजे पुस्तक होते आणि त्याच्याकडे बोट दाखवणारी खूणही होती. त्या खुणेचा माग काढीत कोणी गेले नव्हते, इतकेच. नव्वद वर्षांच्या या अंतरात महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून इतिहास आणि मराठी या विषयांच्या कितीतरी पिढ्या पदवी घेऊन बाहेर पडल्या.

महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ग्रंथालयातून शोध कसा घ्यावा हे शिकवण्याच्या प्रश्नाकडे प्रस्तुत लेखात याच अनुषंगाने पाहिले आहे. मराठीत संशोधनाची साधने, म्हणजे सूची, याद्या, कोश, निर्देशग्रंथ, बऱ्याच प्रमाणात आणि चांगल्या दर्जाची निर्माण झाली; पण ती वापरण्याचे शिक्षण पदवीच्या वर्गात कधी रुजले नाही. ते काम ग्रंथपालाचे आहे असे इतिहासाच्या अध्यापकाने मानले आणि ग्रंथपालाला वर्गात तास मिळाला नाही. शोधाची सुरुवात ग्रंथापासून होत नाही, ती सूचीपासून होते, ही साधी गोष्ट त्यामुळे विद्यार्थ्यापर्यंत पोहोचलीच नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मराठी सूचिकार्याची वाटचाल

मराठी मुद्रित ग्रंथांच्या पहिल्या मोठ्या याद्या विद्याप्रेमापेक्षा सरकारी गरजेतून तयार झाल्या. मुंबई इलाख्यात १८६४ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या देशी भाषांतील पुस्तकांची यादी अलेक्झांडर ग्रँट यांनी सिद्ध केली. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणी कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारकडे करणे बंधनकारक झाले आणि त्या नोंदींच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. राज्यकर्त्यांना प्रजा काय छापते आहे यावर नजर ठेवायची होती. परंतु त्या नजरेचा पुढच्या अभ्यासकाला मोठाच उपयोग झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचा जो आढावा घेतला, त्याला अशाच याद्यांचा आधार होता. लंडनमधील ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातील मराठी व गुजराती मुद्रित पुस्तकांची जे. एफ. ब्लुमहार्ट यांनी केलेली सूची १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी पुस्तकाचा ठावठिकाणा शोधण्यासाठी लंडनमध्ये छापलेली यादी उघडावी लागावी, ही त्या काळाची विसंगती होय.

ही विसंगती शंकर गणेश दाते (१९०५–१९६४) यांनी दूर केली. त्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'च्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० या कालखंडातील मराठी मुद्रित ग्रंथांची नोंद आहे. पहिला भाग १९४० नंतरच्या युद्धकालीन कागदटंचाईच्या वर्षांत बाहेर पडला, तर दुसरा १९६१ मध्ये. गावोगावची ग्रंथालये पालथी घालून, शक्य तेथे पुस्तक स्वतः हाताळून दाते यांनी या नोंदी केल्या. विषयवार मांडणी आणि शोधास साहाय्यभूत होणाऱ्या ग्रंथकारांच्या व ग्रंथनामांच्या सूची, अशी तिची रचना आहे. पुढील काळातील ग्रंथांचे सूचीकरण शरद केशव साठे यांनी केले व ते राज्य मराठी विकास संस्थेमार्फत प्रसिद्ध झाले. नियतकालिकांच्या बाबतीत दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांनी सिद्ध केलेली १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९६९ मध्ये प्रकाशित केली. याच्या जोडीला श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा तेवीस खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश', 'मराठी विश्वकोश' आणि जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेली मुंबई इलाख्याची गॅझेटियरे ठेवली, तर पदवीच्या विद्यार्थ्याला एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही विषयाचा पहिला वेध घेण्यास पुरेल इतकी सामग्री होते.

दाते यांच्या कामाकडे बहुधा कष्टाळूपणाचा नमुना म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाला त्याचे महत्त्व निराळ्या ठिकाणी वाटते. ग्रंथसूची ही मूलतः हजारो लहान निर्णयांची नोंद असते. हे पुस्तक इतिहासात घालायचे की चरित्रात? मुखपृष्ठावरील वर्ष खरे मानायचे की प्रस्तावनेखालील? टोपणनावामागचा लेखक कोण? विद्यार्थी सूचीची दोन पाने जरी लक्षपूर्वक वाचू लागला, तरी हे प्रश्न त्याच्यापुढे उभे राहतात. साधनचिकित्सा या नावाने आपण पदव्युत्तर वर्गात जे शिकवतो, त्याची पहिली पायरी हीच नव्हे काय?

ग्रंथालयात घडलेले विद्यार्थी

साधनांचा वापर वर्गात न शिकवताही काही विद्यार्थी तो शिकले, याचे दाखले आपल्या इतिहासात आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी शाळा-कॉलेजातील आपले अनुभव स्वतःच लिहून ठेवले आहेत. डेक्कन कॉलेजात असताना वर्गातील अध्यापनाविषयी फारसा आदर न बाळगता त्यांनी स्वतःच्या मर्जीने भरपूर वाचन केले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. राजवाडे यांचा दाखला मात्र जपून द्यावयास हवा. त्यांच्यासारखा विद्यार्थी कोणत्याही व्यवस्थेत आपली वाट काढतो. त्याच्यावरून व्यवस्था बरी होती असा निष्कर्ष काढणे म्हणजे पोहता येणारा तरला म्हणून नदीला उतार होता असे म्हणण्यासारखे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण या दृष्टीने अधिक उद्‌बोधक आहे. मुंबईत पदवी घेऊन ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील परिसंवाद पद्धतीत विद्यार्थ्याने मूळ अहवाल, आकडेवारी आणि नियतकालिके स्वतः धुंडाळणे गृहीत धरलेले होते. प्राध्यापक सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखालील या अभ्यासातून पुढे 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती' हा ग्रंथ १९२५ मध्ये आकाराला आला. लंडनमधील वास्तव्यात त्यांनी तेथील ग्रंथालयांचा जो उपयोग केला, त्याचे फलित १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात दिसते. सरकारी अर्थविषयक अहवाल हे काही वाचायला रंजक वाङ्मय नव्हे. कोणत्या वर्षीच्या, कोणत्या अहवालाच्या, कोणत्या परिशिष्टात आपल्याला हवा तो आकडा असू शकेल हे ठाऊक असल्याखेरीज त्या ढिगाऱ्यातून काहीच हाती लागत नाही. हे ठाऊक होणे हेच ग्रंथालयीन कौशल्य. १९१७ मध्ये मायदेशी परतताना स्वतंत्रपणे पाठवलेली त्यांची पुस्तके जहाज बुडाल्याने गेली. दादरला 'राजगृह' बांधताना त्यांनी ग्रंथसंग्रहाला दिलेले स्थान आणि १९४६ मध्ये सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयाविषयीची त्यांची आस्था या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे.

ग्रंथालयशास्त्राच्या बाजूने पाहता, प्रशिक्षणाचा प्रारंभही आपल्याकडे लवकर झाला. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना १९१० मध्ये बडोद्यास पाचारण केले. १९११ मध्ये तेथे ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग निघाला आणि १९१२ पासून इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतून 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक प्रसिद्ध होऊ लागले. पुढे मद्रासला डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी या शास्त्राला सैद्धांतिक बैठक दिली. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर प्रारंभी त्यांचे मन तेथे रमेना, हे सर्वश्रुत आहे. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रांत वाचकाचा वेळ वाचवणे हे एक सूत्र आहे. संदर्भसेवेचा विचार करताना नवागत विद्यार्थ्याला ग्रंथालयाची रीतसर ओळख करून देणे हा त्या सेवेचा स्वतंत्र भाग त्यांनी मानला. वर्गात शिकवलेला माणूसच हे सुचवू शकतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. आपल्या महाविद्यालयांनी मात्र त्या ओळखीचा अर्थ जूनमधील एक फेरफटका आणि ओळखपत्राचे वाटप एवढाच घेतला.

कपाटाची किल्ली

प्रस्तुत लेखकाच्या पदवीच्या काळात महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांपर्यंत विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता. देवघेवीच्या खिडकीतून चिठ्ठी आत जायची आणि पुस्तक किंवा 'नाही' असा शेरा बाहेर यायचा. तालिकापत्रांचे लाकडी कपाट खिडकीबाहेरच होते; परंतु त्यावर घड्याळ आणि नोटिसांची फाइल ठेवलेली असे. तीन वर्षांत त्याचा एकही कप्पा कोणी उघडलेला पाहण्यात आला नाही. कोणी तो उघडण्यास मनाई केली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो कशासाठी आहे हेच ठाऊक नव्हते.

त्याची किंमत एम.फिल. करताना मोजावी लागली. एका जुन्या ग्रंथालयात प्रस्तुत लेखकाने 'स्त्री-पुरुष तुलना' मागितली व लेखकाच्या जागी 'ताराबाई' असे लिहिले. चिठ्ठी परत आली. दुसऱ्या दिवशी तेथील एका वयस्क कर्मचाऱ्याने काही न बोलता 'श' चा कप्पा ओढून 'शिंदे, ताराबाई' हे पत्र दाखवले. पदव्युत्तर पदवी हाती असलेल्या माणसाला आडनावाने शोधावे हे तेथे, वयाच्या पंचविशीत कळले. त्या दिवशी वाटलेली शरम हेच या लेखाचे खरे निमित्त आहे.

मराठी नावांचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. 'लोकहितवादी' हे देशमुखांखाली, 'केशवसुत' दामल्यांखाली आणि 'गोविंदाग्रज' गडकऱ्यांखाली सापडण्याची शक्यता असते. एखादे ग्रंथालय टोपणनावालाच प्राधान्य देते आणि दुसरे दोन्हीकडे पत्र ठेवते. स्त्रियांच्या बाबतीत विवाहाने आणखी एक नाव वाढते. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकाच लेखिकेची तीन नावे आहेत हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुरती ती लेखिका तीन कप्प्यांत विभागलेली राहते. स्त्रियांचे लेखन इतिहासात दुर्लक्षित का राहिले याची मोठी सामाजिक कारणे आहेतच. त्यांत तालिकेतील नोंदीच्या या रीतीचाही अल्पसा वाटा असावा, असा तर्क करण्यास जागा आहे.

कालगणना आणि लेखनपद्धती यांचेही तसेच आहे. जुन्या मराठी पुस्तकांवर अनेकदा केवळ शकाचे वर्ष असते. शके १८०४ म्हणजे इसवी सन १८८२-८३. शकात ७८ मिळवायचे, मात्र जानेवारीपासून चैत्र प्रतिपदेपर्यंतच्या दिवसांसाठी ७९. मराठेशाहीच्या कागदपत्रांकडे वळल्यास सुहूर सन भेटतो आणि तेथे ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनंतर अनेक अनुस्वार गेले, त्यामुळे जुन्या ग्रंथनामातील 'पुस्तकें' आज 'पुस्तके' असे शोधले जाते. इंग्रजी साधनांत 'पूना' आणि 'टाना' पाहावे लागते. हे सारे एका तासिकेत सांगता येते. शिकायला मात्र प्रत्यक्ष अडावे लागते.

वर्गातील एक प्रयोग

अलीकडे तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रस्तुत लेखक प्रकल्पाचा विषय देण्यापूर्वी एक लहान काम देतो. पाठ्यपुस्तकातील कोणतेही एक विधान निवडायचे आणि ते कोठून आले याचा शक्य तितका मागे माग काढायचा. पुस्तके कितीही लागोत, विधान एकच. प्रत्येक टप्प्याला एक पत्र लिहायचे. त्यावर लेखक, ग्रंथ, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, वर्ष, पृष्ठ, ग्रंथालय, बोधांक आणि पाहिल्याची तारीख असायला हवी. प्रारंभी विद्यार्थी थेट कपाटाकडे धावतात, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य आणि ९५४ म्हणजे भारताचा इतिहास एवढ्या बळावर. दोन दिवसांनी परत येतात तेव्हा त्यांना सूचीकडे वळवावे लागते.

अशा एका कामात 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ '१८८३ मध्ये प्रकाशित झाला' असे विधान एका विद्यार्थिनीने घेतले. ती खेड्यातून रोज एस.टी.ने येणारी, घरी पुस्तक नसलेली मुलगी. मुद्रित ग्रंथांची सूची, मग फुले यांचे समग्र वाङ्मय, त्यातील संपादकीय टिपणे, असे करीत ती अशा ठिकाणी पोहोचली की, १८८३ हे लेखन पूर्ण झाल्याचे वर्ष आहे. 'दीनबंधु'त त्याचा काही भाग छापून नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढील छपाई थांबवली, आणि फुले यांच्या हयातीत ते पुस्तक संपूर्ण छापले गेले नाही. पाठ्यपुस्तकातील एका क्रियापदाची चूक. पण त्या चुकीमागे कोण काय छापायला धजत होते आणि कोण कचरत होते याचा सगळा इतिहास दडलेला होता, आणि तो तिला कोणी सांगितला नव्हता. तिने वर्गात प्रश्न केला, "सर, मग पुस्तकातलं वाक्य आम्ही परीक्षेत कसं लिहायचं?" या प्रश्नाला प्रस्तुत लेखकाकडे समाधानकारक उत्तर नव्हते. मूल्यमापनाची आपली पद्धती तिच्या शोधाला गुण देत नाही, हे तिला सांगावे लागले.

या अडचणीकडे डोळेझाक करून चालणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला स्थान मिळाले आहे. प्रकल्प वाढतील, परंतु जोवर प्रकल्पाच्या गुणांत शोधाच्या वाटेला गुण नाहीत, तोवर मागील वर्षाचा प्रकल्प नवे मुखपृष्ठ लावून येत राहील. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी साम्याची टक्केवारी मोजण्याची सोय केली. नक्कल पकडणे आणि शोध शिकवणे ही दोन कामे वेगळी आहेत, आणि यांपैकी पहिल्यासाठीच आपल्याकडे यंत्रणा आहे.

संगणकाने हा प्रश्न सुटला असेही नाही. 'शोधगंगा'वर प्रबंध पाहता येतात, जुन्या पुस्तकांच्या प्रतिमा घरबसल्या मिळतात, ही मोठीच सोय आहे. खेड्यातील विद्यार्थ्यासाठी तर ती क्रांतीच म्हणावी लागेल. तथापि जुन्या देवनागरी छपाईच्या प्रतिमांत शब्दशोध पुष्कळदा चुकतो आणि आडनाव, शक, अनुस्वार, टोपणनाव हे सारे प्रश्न शोधपेटीतही तसेच शिल्लक राहतात. लाकडी कपाटात शेजारचे पत्र तरी नजरेस पडे. शोधपेटीत चुकीचे अक्षर घातले की समोर शून्य येते, आणि विद्यार्थी ते शून्य म्हणजे पुस्तकच नाही असे समजतो.

म्हणून आता पत्रावर एक रकाना वाढवला आहे : 'काय शोधले व आढळले नाही'. कोणत्या ग्रंथालयात, कोणत्या नावाखाली, कोणत्या वर्तनीने, कोणत्या तारखेला पाहिले हे त्यात लिहायचे. प्रारंभी मुले तो रकाना कोरा ठेवीत, कारण न सापडणे म्हणजे काम न करणे असा त्यांचा समज होता. गेल्या वर्षी जमा झालेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांवर तो भरलेला होता. ही पत्रे ग्रंथपालांच्या संमतीने तालिकेच्या रिकाम्या कप्प्यात वर्णानुक्रमे लावून ठेवली आहेत. यंदाच्या वर्गाने काम सुरू करण्यापूर्वी ती आधी पाहावीत, असे ठरले आहे.